जलरंगात मास्किंग फ्लुइड : कागद न सोलवटता पांढरं कसं राखायचं?

पाणवेल :

अर्ध्या शीटवर (३८ × ५६ सें.मी.) एक जलरंगचित्र करायचं आहे. गडद हिरव्या-निळ्या पाण्यात उभा पांढरा बगळा, त्याच्या पुढून तिरपी गेलेली लव्हाळ्याची पाती आणि खाली पाण्यावरची चमक. मागचा वॉश, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचा मोठा हात, एकसलग हवा आहे, वरून खाली गडद होत जाणारा. प्रत्येक पात्यापाशी ब्रश थांबवत तो देता येणार नाही, म्हणून मास्किंग फ्लुइड, म्हणजे पांढऱ्या जागेवर आधी लावून रंग अडवणारं आणि शेवटी सोलून काढायचं द्रव.

कागद ३०० जीएसएमचा, कोल्ड प्रेस (मध्यम दाण्याचा). रंग इंडिगो, थॅलो ग्रीन आणि थोडी बर्न्ट अंबर. त्याच कागदाच्या तुकड्यावर चाचणी घेतली. फ्लुइड काढताना काही जागी कागदाची साल निघाली, तंतू उभे राहिले. एका बाजूने कडेखाली रंग शिरला. आणि ब्रशने काढलेली पाती हवी त्याच्या दुप्पट जाड आली, टोकंही बोथट. फ्लुइड दोन दिवस कागदावर होतं आणि वॉश हेअर ड्रायरने वाळवला होता.

कशामुळे काय झालं असावं? आणि मोठ्या चित्रासाठी कामाचा क्रम कसा ठेवावा?

जाडकागद :

साल निघणं हा फ्लुइडचा दोष कमी, कागदाचा आणि उष्णतेचा जास्त. तुमच्या चाचणीत दोन्ही कारणं एकत्र आलेली दिसतात.

मास्किंग फ्लुइड म्हणजे पाण्यात तरंगणारा रबराचा चीक, लेटेक्स. तो बाटलीतच गोठू नये म्हणून त्यात अमोनिया असतो. झाकण उघडल्यावर नाकात जातो तो वास त्याचाच. कागदावर पसरला की पाणी आणि अमोनिया उडून जातात, रबराचे कण एकमेकांना धरतात आणि पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा कागदाच्या तंतूंवर नाही, सायझिंगवर बसायला हवा. कागदाने पाणी लगेच पिऊ नये म्हणून त्याला जिलेटिन किंवा तसलं काही दिलेलं असतं ते सायझिंग. काही कागदांत ते फक्त लगद्यात असतं, चांगल्या कागदांना वरूनही दिलेलं असतं. वरचा थर शाबूत असेल तर रबर वरच्या वर राहतं आणि अख्खं सुटतं. तो कमजोर असेल तर ओलं लेटेक्स तंतूंत उतरतं, तिथेच घट्ट होतं, आणि ओढलं की तंतू घेऊन वर येतं.

म्हणून ३०० जीएसएम या आकड्यावर विसंबू नका. तो वजन सांगतो, सायझिंग सांगत नाही. आर्चेससारखा जिलेटिनचं सायझिंग असलेला कॉटन कागद मास्किंग चांगलं सहन करतो. लाकडाच्या लगद्याचे सरावाचे बरेच कागद तेवढ्याच वजनाचे असूनही वरून मऊ असतात. कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब ठेवून पाहा. तो फुगून बसून राहिला तर सायझिंग ठीक आहे. लगेच पसरून कागद गडद दिसू लागला तर त्या कागदावर मास्किंग करूच नका. दमट जागी बराच काळ पडून राहिलेल्या चांगल्या कागदाचंही सायझिंग बिघडतं, तेव्हा जुन्या शीटची परीक्षा नव्याने घ्या.

सायझिंग आपण स्वतःही घालवतो. कागद ताणण्यासाठी, म्हणजे भिजवून बोर्डवर पक्का बसवून वाळवण्यासाठी, तो फार वेळ पाण्यात बुडवून ठेवला किंवा पाणी कोमट घेतलं की वरचं जिलेटिन धुऊन जातं. थंड पाण्यात काही मिनिटं पुरतात. दुसरी गोष्ट खोडरबर. बगळ्याची मान चार वेळा खोडून काढली तर नेमक्या त्याच रेषेवर पृष्ठभाग खरवडलेला असतो आणि तिथेच तुम्ही फ्लुइडची कड आखणार. रेखाटन वेगळ्या कागदावर पक्कं करून मग ट्रेस करा. रेघ नेहमीपेक्षा किंचित ठळक ठेवा, कारण रबर निघताना शिसपेन्सिलीचं ग्रॅफाइटही बरंच घेऊन जातं.

आता उष्णता. गरम हवेने रबर मऊ होऊन कागदाच्या खळग्यांत आणखी खोल बसतं आणि मग सहज सुटत नाही. फ्लुइड वाळवताना हे होतंच, पण त्यावरचा वॉश वाळवताना दिलेली गरम हवाही तेच करते आणि हे अनेकांच्या लक्षात येत नाही. खिडकीतलं ऊन, दिव्याखाली ठेवलेला बोर्ड, सगळं त्यातच आलं. शिवाय जाड थर गरम हवेने वाळवला तर वर दुधावरच्या सायीसारखं आवरण धरतं आणि आत ओलं लेटेक्स तसंच राहतं. वॉशचा ब्रश फिरला की ते फुटतं. पातळ रेघ साधारण १०-१५ मिनिटांत वाळते, जाड ठिपक्याला पाऊण तास ते तासभर लागतो, हवा दमट असेल तर त्याहून जास्त. वाळलं की ते किंचित पारदर्शक आणि गडद दिसतं, बोट टेकवलं तर चिकटत नाही. पाहायचंच तर सगळ्यांत जाड जागी पाहा.

दोन दिवस हा काळही मी टाळेन. लावल्यापासून २४ तासांच्या आत काढायचंच असं धरून कामाची आखणी करा. रबर जितकं जुनं होतं तितकं धरून ठेवतं, आणि महिनाभर विसरलेलं तर अनेकदा कागद फाडूनच निघतं. त्यामुळे अर्धी शीट असली तरी मास्किंग झाल्यावर मोठे वॉश त्याच दिवशी संपवायचे.

क्रम असा ठेवा. आदल्या दिवशी कागद ताणून रात्रभर वाळू द्या. ओलसर कागदावर फ्लुइड कधीच नको, कारण ओले तंतू मोकळे असतात आणि लेटेक्स सरळ आत जातं. सकाळी ट्रेस करा, फ्लुइड लावा, तासभर सोडा. मग वॉश. वॉश दिल्यावर रबरावर रंगाचे मणी साठतात, ते टिश्यूच्या टोकाने लगेच टिपा. नाही टिपले तर कागद वाळल्यावरही ते ओले राहतात, किंवा वाळून भुकटी होतात आणि काढताना तीच भुकटी कोऱ्या पांढऱ्यात घासली जाते. काढण्याआधी हाताची मागची बाजू कागदाला लावा. थंड लागला तर आत ओल आहे, थांबा. ओल्या कागदावरून रबर ओढणं हे साल निघण्याचं आणखी एक मोठं कारण.

काढताना बोट स्वच्छ आणि कोरडं हवं. एका टोकापासून हलकं घासून कड उचला. सुटलेलं टोक वर खेचायचं नाही, ते मागे दुमडून कागदालगत, कागदाला जवळजवळ समांतर असं सावकाश ओढायचं. वर खेचलं की ताण तंतूंवर येतो. बारीक रेघांसाठी क्रेप रबराचा चौकोनी तुकडा मिळतो तो वापरा. निघालेल्या रबराचीच गोळी करून तीही फिरवता येते. तंतू उठू लागले तर तिथेच थांबा आणि समोरच्या बाजूने सुरुवात करा. उठलेल्या जागेवर गुळगुळीत कागद ठेवून चमच्याच्या पाठीने दाबून घासलं तर तंतू बसतात, पण ती जागा पुढे रंग जास्त पिते आणि डाग गडद दिसतो. तिथे ओला वॉश नको, अर्धवट सुकलेल्या ब्रशने रंग ठेवा.

टाकबोरू :

कागदाचं वर आलंच आहे, मी हत्यारांविषयी लिहितो. पाती जाड येण्याचं कारण ब्रश आहे.

फ्लुइड रंगासारखं कागदात मुरत नाही. ते वर फुगून बसतं आणि कडेने थोडं पसरतं, त्यामुळे ब्रशच्या टोकापेक्षा रेघ नेहमीच जाड. त्यात गडद पार्श्वभूमीवरचं पांढरं डोळ्याला आहे त्यापेक्षा मोठं दिसतं. दोन्ही मिळून तुमची दुप्पट जाडी होते. पात्याची रेघ हव्या त्या जाडीच्या अर्ध्याने काढा, वॉशनंतर ती बरोबर वाटेल.

पात्यांसाठी टाक घ्या. निब फार टोकदार नको, कोल्ड प्रेसच्या दाण्यात अडकून ती कागद ओरखडते, आणि ओरखड्यात गेलेलं रबर साल काढतं. टाक नेहमी आपल्याकडे ओढायचा, पुढे ढकलायचा नाही. पात्याच्या बुडाशी थोडा दाब, टोकाकडे जाताना दाब कमी करत उचलायचं. निमुळतेपणा असाच येतो, ब्रशने तो जवळजवळ येत नाही. आठ-दहा रेघांनंतर निबेवर रबराचा पातळ थर दिसू लागेल. तो ओल्या कापडाने पुसा. वाळलाच तर नखाने अख्खा सोलून निघतो. निबेचं काही बिघडत नाही, म्हणूनही ती या कामाला उत्तम.

सरळ आणि लांब काड्यांसाठी रुलिंग पेन (धातूच्या दोन पात्यांचं, रेघा आखायचं पेन) त्याहून चांगलं. त्याच्या दोन पात्यांमध्ये फ्लुइड ड्रॉपरने किंवा जुन्या ब्रशने सोडायचं, पेन बुडवायचं नाही, नाहीतर बाहेरून लागलेलं फ्लुइड पहिल्याच रेघेत गळतं. स्क्रूने फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास ठेवा. काम झालं की तसंच वाळू द्या, स्क्रू सैल करा, आतून रबराची सबंध पट्टी बाहेर येते.

बारीक ठिपक्यांना टूथपिक पुरते. सिलिकॉनच्या टोकाची साधनं मिळतात, त्यांना रबर चिकटत नाही, मध्यम जाडीच्या आकारांना ती सोयीची. मोलोटोचे मास्किंगचे मार्कर २ आणि ४ मि.मी. टोकाचे असतात, एकसारख्या जाडीच्या रेघेला ठीक, निमुळत्या पात्याला उपयोग नाही.

ब्रश लागणारच, बगळ्याच्या बाह्यरेषेला. तिथे स्वस्त सिंथेटिक, सेबल (नैसर्गिक केसांचा महागडा ब्रश) चुकूनही नको. ब्रश पाण्यात भिजवा, अंगाच्या साबणाच्या वडीवर गोल घासा, केसांच्या मुळापर्यंत फेस जाऊ द्या, जास्तीचा निपटून काढा आणि मग फ्लुइडमध्ये निम्म्यापर्यंतच बुडवा. लेटेक्स केसांच्या मुळाशी, पत्र्याच्या आत वाळलं की ब्रश पसरतो आणि पुन्हा टोक धरत नाही. दर चार-पाच मिनिटांनी धुऊन पुन्हा साबण. मध्येच दोन मिनिटं दुसरीकडे पाहिलं तरी केस चिकटतात.

बाटली हलवू नका. फ्लुइड रंगीत असेल तर रंग तळाशी बसतो, तेव्हा दोन्ही तळव्यांत बाटली हळू फिरवायची किंवा काडीने ढवळायचं. जोरात हलवली तर फुगे येतात. फुगा कागदावर वाळून फुटला की तिथे सुईच्या टोकाएवढं भोक राहतं आणि रंग बरोबर त्यातून जातो. पांढऱ्यात अधूनमधून दिसणारे गडद टिंब बहुतेक वेळा याचेच. लागेल तेवढंच, चमचाभर, लहान बशीत ओता आणि झाकण ताबडतोब लावा. बशीतलं उरलेलं बाटलीत परत घालू नका, त्यात गोठायला लागलेले कण असतात आणि पुढे सगळ्या बाटलीत गुठळ्या होतात.

टाकासाठी फ्लुइड घट्ट वाटलं तर बशीत पाच भागाला एक भाग पाणी, त्याहून जास्त नाही. पातळ केलेलं फ्लुइड फक्त रेघांना वापरा. जिथे मोठा वॉश येऊन आदळणार आहे त्या कडेला ते मूळच्याच दाटपणाचं हवं. तार सुटायला लागलेली जुनी बाटली पाण्याने सुधारत नाही. उघडल्यापासून साधारण वर्षभराने नवी घेतलेली बरी.

घेताना लेबल नीट वाचा. विन्सर अँड न्यूटनचं एक परमनंट मास्किंग मीडियम येतं, ते निघत नाही, कागदावर कायम राहून पाणी अडवतं. नावाच्या साम्यामुळे अनेक जण तेच उचलतात. त्यांचंच निघणारं आर्ट मास्किंग फ्लुइड पिवळसर असतं आणि बिनरंगीही मिळतं. श्मिंकेचं निळं आणि बिनरंगी, पेबिओचं ड्रॉइंग गम निळसर राखाडी. रंगीत घेतलं तर कुठे लावलंय ते दिसतं, हा मोठा फायदा. पण मऊ कागदावर त्याची छटा मागे राहू शकते. मला स्वतःला रंगीतच आवडतं, कारण न दिसलेली कड हीच गळणारी कड असते.

पाणवेल :

फार उपयोगी. थेंबाची परीक्षा आत्ताच केली, थेंब काही सेकंदांत पसरला, म्हणजे कागद बदलणं आलं.

अजून तीन शंका. कडेखाली रंग शिरण्याचं नेमकं कारण काय? बगळ्याचं अंग तळव्याएवढं मोठं आहे, ते पूर्ण फ्लुइडने भरायचं का? आणि मागची काही पाती पांढरी नकोत, फिकी हिरवी हवीत, तर पहिल्या वॉशवर पुन्हा मास्किंग चालेल का?

जाडकागद :

रंग शिरतो तो बहुधा पातळ कडेतून. कोल्ड प्रेस किंवा रफ कागदाला उंचवटे आणि खळगे असतात. ब्रश भरभर ओढला तर फ्लुइड उंचवट्यांवर बसतं आणि खळग्यांवरून तसंच पुढे जातं. वरून कड सलग दिसते, खाली बारीक बोगदे राहतात. उपाय एवढाच की कडेवर ब्रश सावकाश न्यायचा आणि फ्लुइड खळग्यांत ढकलत जायचं. लावल्यावर बोर्ड डोळ्यांच्या पातळीला तिरपा धरून पाहा. ओलं फ्लुइड चमकतं, सुटलेली जागा मॅट दिसते. तिथे वाळण्याआधीच भर घाला. वाळल्यावर दुसरा हात दिला तरी चालतो, पण दोन थरांच्या सांध्यावर पापुद्रा उचकटण्याची शक्यता राहते.

दुसरं कारण वॉश. कागद आधी पाण्याने चिंब करून त्यावर रंग सोडणार असाल तर ते पाणी कडेशी बराच वेळ थांबतं आणि आत जायला त्याला अवधी मिळतो. कडेजवळ पाण्याचं तळं साठू देऊ नका, बोर्डला थोडा उतार द्या. ताठ ब्रशने कडेवर आडवं घासणंही टाळा. मऊ, रुंद ब्रश, आणि हात मास्कवरून बाहेर जाणारा, बाहेरून मास्कवर येणारा नाही. उलट्या दिशेने आलेला ब्रश रबराची कड उचलतो.

पहिल्या वॉशवर मास्किंग चालतं. वॉश पूर्ण वाळलेला हवा, शक्यतो रात्रभर. पहिल्या दिवशीचं पांढऱ्यासाठीचं मास्किंग आधी काढून टाका आणि मग हे दुसरं लावा, म्हणजे २४ तासांचं गणित बिघडत नाही. पण त्यामुळे दुसऱ्या वॉशला पांढऱ्या कडा पुन्हा सांभाळाव्या लागतात. ते नको असेल तर फिका हिरवा अगदी सकाळी देऊन दुपारी दोन्ही प्रकारचं मास्किंग अंगावर ठेवूनच गडद वॉश संपवायचा. एक लक्षात ठेवा, रबर निघताना वरवर बसलेला थोडा रंगद्रव्याचा थरही नेतं. अल्ट्रामरीन, सेरुलियन असे रंग जास्त उठतात, थॅलो जवळपास उठत नाही. जो रंग उठणारा आहे त्याची पाती हवी त्याहून एक छटा गडद ठेवा.

हेअर ड्रायर वापरायचाच असेल तर थंड हवा, हातभर अंतरावरून. तीही वॉशवरची चमक गेल्यानंतर, नाहीतर हवेने रंग ढकलला जाऊन डाग पडतात.

रेषाछटा :

बगळ्याचं अंग पूर्ण भरू नका. एवढा मोठा थर वाळायला वेळ घेतो, काढताना मधल्या सगळ्या पृष्ठभागावर ताण येतो, आणि फ्लुइडही वाया जातं. बाह्यरेषेच्या आतून ८ ते १० मि.मी. रुंदीची पट्टी फ्लुइडने आखा. आतला भाग कोरा ठेवून त्यावर ट्रेसिंग कागदाचा तुकडा ठेवा आणि त्याच्या कडा वाळलेल्या पट्टीवर मास्किंग टेपने चिकटवा, कागदावर नाही. वॉशचे शिंतोडे आत उडत नाहीत, आणि शेवटी टेप ओढला की पट्टीचा बराच भाग त्याच्याबरोबर निघून येतो.

पण माझा मुख्य मुद्दा याच्या पुढचा आहे. रबर निघाल्यावर जे दिसतं ते चित्र नसतं, कात्रीने कापलेला आकार असतो. सगळीकडे सारखीच धारदार कड, आत पेटल्यासारखं पांढरं. मास्किंग केलेली चित्रं ओळखू येतात ती यामुळेच. म्हणून कुठे मास्किंग करायचं नाही हे आधी ठरवा. बगळ्याची उजेडाकडची पाठ आणि मान, चोच, पुढची पाती, एवढ्याला धार हवी. पोटाखालची सावलीची बाजू, छातीची सुटी पिसं, पाण्यात बुडालेल्या पायांचा खालचा भाग, इथे फ्लुइड लावूच नका. तिथे वॉश थोडा आत शिरू द्या आणि कड ओली असतानाच स्वच्छ ओलसर ब्रशने विरवा. पिसांची टोकं हवीत तिथे फ्लुइड जवळपास निपटलेल्या ब्रशने बाहेरच्या दिशेला फटकारून लावा, तुटक कड मिळते.

धारदार राहिलेली कड नंतर मऊ करता येते. ६ मि.मी.चा सपाट सिंथेटिक ब्रश, पाणी निपटून, कडेवरून दोन-तीन हलके हात, लगेच टिश्यूने टिपायचं. मात्र इथे तुमचे रंग आड येतील. थॅलो ग्रीन कागद पक्का रंगवतो, एकदा वाळला की घासून निघत नाही. बऱ्याच इंडिगोंमध्येही थॅलो ब्लू असतो. ट्यूबवर पीबी १५ हा पिगमेंट क्रमांक दिसला तर तेच समजा. असा रंग कडेखाली शिरला तरी तो उचलता येणार नाही आणि कड मऊ करतानाही हलणार नाही. बगळ्याच्या भोवतीच्या दोन-तीन बोटं रुंदीच्या भागात निळ्यासाठी अल्ट्रामरीन आणि गडदपणासाठी बर्न्ट अंबर असं मिश्रण ठेवा, आणि थॅलो दूरच्या भागात ओल्यातच त्यात मिसळू द्या. अल्ट्रामरीन सहज उचलला जातो. वॉशचं मिश्रण आधीच लागेल त्याच्या दुप्पट करून ठेवा, मास्कच्या आजूबाजूला मध्येच रंग संपला तर तो जोड लपत नाही.

पांढऱ्याचंही तसंच. कोबाल्ट ब्लूत किंचित बर्न्ट सिएना घालून अगदी पातळ राखाडी करा आणि बगळ्याच्या सावलीच्या अंगावर, पंखाखाली, मानेच्या खालच्या वळणावर द्या. कोरा कागद फक्त पाठीच्या वरच्या कडेला आणि मानेच्या उजेडाच्या बाजूला राहिला की पांढरा बगळा पांढरा वाटतो. सबंध कोरा ठेवला तर तो कागदाचं भोक वाटतो. पाती जाड आली असतील तर पार्श्वभूमीच्या रंगाने दोन्ही बाजूंनी तासून टोकदार करा, मग त्यांच्यावर फिका हिरवा-पिवळा हात द्या. मागची पाती थोडी जास्त गडद, म्हणजे ती मागे जातात.

पाण्यावरच्या चमकेसाठी मास्किंग मी करणार नाही. कोल्ड प्रेसचा दाणा ते काम आपोआप करतो. मोठ्या गोल ब्रशमध्ये रंग दाट घ्या, ब्रश टिश्यूवर टेकवून जास्तीचं पाणी काढा आणि केसांच्या अंगाने, कागदाला जवळपास आडवा धरून, झटकन आडवा ओढा. रंग उंचवट्यांवर बसतो, खळगे पांढरे राहतात. ती चमक तुटक आणि जिवंत येते. फ्लुइडचे ठिपके कितीही काळजीने दिले तरी मोजून ठेवल्यासारखे दिसतात. अगदी तेजस्वी चार-पाच ठिणग्या हव्या असतील तर सगळं चित्र वाळल्यावर, सर्वांत शेवटी, ब्लेडच्या टोकाने खरवडा. ३०० जीएसएमच्या कागदावर ते निभतं. खरवडलेल्या जागेवर मात्र पुन्हा रंग देता येत नाही.

डोळ्यातल्या चमकेच्या ठिपक्यासाठी तर सरळ पांढरा गौश (अपारदर्शक जलरंग). एका टिंबासाठी बाटली उघडायची गरज नाही.

टाकबोरू :

रेषाछटा यांच्या चमकेच्या मुद्द्याला एक अपवाद. वाऱ्याने उडालेले तुषार, बगळा उडतानाचे शिंतोडे असं काही दाखवायचं असेल तर फ्लुइडचा फवारा चांगला दिसतो. जुन्या टूथब्रशला साबण लावून फ्लुइड घ्यायचं आणि अंगठ्याने केस मागे ओढून सोडायचे, कागदापासून वीतभर अंतरावरून. बाकी चित्र कागदाने झाकून ठेवा. ठिपके लहानमोठे आपोआप येतात, म्हणून ते मोजल्यासारखे वाटत नाहीत. स्थिर पाण्यासाठी मात्र ड्राय ब्रशच, म्हणजे रेषाछटा यांनी सांगितलेला पाणी टिपलेल्या ब्रशचा आडवा हात.

मेणाचा पर्याय कुणी सुचवेल म्हणून सांगतो. पांढरं मेण घासूनही रंग अडतो, पण ते कागदातून निघत नाही, त्या जागेवर नंतर छटा देता येत नाही. बगळ्याला ते चालणार नाही.

निळीशाई :

आरोग्याचं राहिलं. हे नैसर्गिक लेटेक्स आहे. रबरी हातमोजे किंवा फुगे हाताळून ज्यांच्या अंगावर पुरळ येतं त्यांनी हे वापरू नये, आणि शिकवणीच्या वर्गात वापरण्याआधी सगळ्यांना विचारून घ्यावं. साध्या रबरी हातमोज्यांनी संरक्षण मिळत नाही, तेही लेटेक्सचेच असतात, नायट्राइलचे हवेत. अमोनियासाठी खिडकी उघडी ठेवा, बाटली नाकाशी नेऊ नका.

बशीतलं उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका, पाइपात जाऊन गोठतं. बशीतच वाळू द्या, पापुद्रा सोलून कचऱ्यात टाका. बाटलीच्या तोंडाशी आणि झाकणाच्या आट्यांत जमलेलं रबर दर वेळी काढा, नाहीतर झाकण घट्ट बसत नाही, हवा आत जाते आणि फ्लुइड लवकर घट्ट होतं. ब्रशमध्ये वाळलेलं लेटेक्स पाण्याने सुटत नाही. मिनरल स्पिरिटमध्ये थोडा वेळ ठेवलं की ते फुगून मऊ होतं, मग बारीक कंगव्याने विंचरून काढता येतं. नंतर साबणाने दोनदा धुवा. असा ब्रश रंगासाठी परत वापरू नका, फ्लुइडसाठीच वेगळा ठेवा.